हवं ते डोमेन (वेबसाइटचं नाव) आधीच कुणी घेतलंय?

अरे, तुझ्या मालवणच्या होमस्टेचं डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे म्हणून लगेच ‘कितीला देणार?’ असा मेल टाकू नकोस. आधी हूइजवर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, मुदत कधी संपतेय ते बघ. मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी नाव मोकळं होत नाही. आधी मालकाला नूतनीकरणासाठी वाढीव मुदत, मग 30 दिवस रिडेम्प्शन (मालकाला नाव सोडवून घ्यायची शेवटची संधी), मग 5 दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जायची वाट. मी एकदा उतावीळपणे त्याच नावाच्या, रंगवून आणलेल्या पाटीचा फोटोच मेलला जोडला. समोरच्याने किंमत तिप्पट केली. बांगड्याच्या वाट्यावर जीव अडकलाय हे आपण कोळणीला कळू देतो का? सौदा जमलाच तर पैसे एस्क्रोमधूनच दे, म्हणजे नाव तुझ्याकडे येईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात. आणि डॉट इन मोकळं असेल तर खुशाल घे. पाहुणे तसेही गूगल मॅप बघूनच येतात.