ताफाचा नव्हे, ताफ्याचा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कॉलेजातल्या पोराचा प्रश्न आलाय. चौघा मित्रांनी रॉक बँड काढलाय, सुट्टीच्या दिवशी मागाच्या शेडमध्ये सराव चालतो, आणि नाव ठेवलंय 'ताफा'. पोस्टर छापायला द्यायचंय. त्यावर 'ताफाचा पहिला शो' लिहायचं की 'ताफ्याचा', यावरून चौघांत दोन तट पडलेत. वर बाकीची पोरं हसतात, "ताफा मंत्र्याचा असतो बे, तुमच्याकडं तर एकच स्कूटी!" तेव्हा हे नाव रॉक बँडला शोभतं का, आणि बँडचं नाव चांगलं की वाईट हे ठरवायचं कशावरून, असं त्याने विचारलंय.

पहिल्या प्रश्नावर फार वेळ घालवायची गरज नाही. ताफ्याचा. घोड्याचा, वाड्याचा, तसा ताफ्याचा. संक्रांतीला आमच्याकडे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरते; 'गड्डाला चाललो' म्हणणारा सोलापूरकर मला अजून भेटायचाय. सगळे गड्ड्यालाच जातात. पण हल्ली 'गोखल्यांनी', 'आपट्यांचा' सोडून 'गोखलेंनी', 'आपटेंचा' म्हणणाऱ्यांची एक पिढी तयार झालीये. नावाला हात लावला की ते बाटतं, अशी त्यांची समजूत. आधाराला व्याकरण काढतात, की विशेषनामाचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी होणारा बदल, करायचं नसतं. असं होय? मग उद्या हुतात्मा एक्स्प्रेसने 'पुणेला' जाऊन या. आणि आपल्याच गावाच्या नावाचं काय? सोलापूर दीर्घ, सोलापुरात ऱ्हस्व. 'सोलापूरात' असं रंगवलेल्या पाट्या पाहिल्या की भाकरीत खडा लागल्यासारखं होतं मला. यावर कुणीतरी हमखास विचारतो, मग राजाला 'राज्याला' का म्हणत नाही? राजा, काका, मामा, दादा ही मानाची आणि नात्याची माणसं, त्यांना सूट आहे. ताफा कुणाचा मामा लागत नाही.

आता खऱ्या मजेकडे येऊ.

ताफा म्हणजे गाड्यांची रांग, हा अर्थ रोज वाहिन्यांवर 'ताफा अडवला', 'ताफ्यासमोर घोषणा' ऐकून डोक्यात बसलेला. त्यापेक्षा खेळाच्या पानावरचे लोक बरे. अमुक गोलंदाज मुंबईच्या ताफ्यात गेला असं ते लिहितात, तेव्हा नकळत जुन्या अर्थाच्या जवळ असतात. ताफा मुळात माणसांचा. जुन्या मराठीत तर वाजवणाऱ्यांचा आणि नाचणाऱ्यांचा: वाजंत्र्यांचा ताफा, कलावंतिणींचा ताफा. म्हणजे हसणाऱ्या पोरांना सांगा, स्कूटीसुद्धा लागत नाही. ताफा याचा अर्थच बँड.

शब्द अरबी. तिकडे ताइफा म्हणजे गट, जमाव. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येईपर्यंत मधली 'इ' गळाली. आता या ताइफाचं अरबी अनेकवचन करा. तवाइफ! होय, तीच तवायफ. अरबीत कित्येक शब्दांचं अनेकवचन शेवटी काही चिकटवून होत नाही, शब्दाच्या पोटात शिरून होतं. याच साच्यातलं दुसरं उदाहरण तुम्ही शाळेच्या मैदानावर घाम गाळून केलेलं आहे. कायदा एक, अनेक झाले की कवाइद, आणि त्याचीच आपली कवायत. कायदा-कवायत, ताफा-तवायफ. जोड्या मोठ्याने म्हणून बघा, ठेका तंतोतंत एक. तेव्हा व्याकरणाने पाहिलं तर तवायफ ही एक बाई नव्हेच, ते अनेक ताफे आहेत. उमराव हाही असाच. अमीर याचं अनेकवचन, आणि आपण एकट्या माणसाला खुशाल उमराव म्हणतो.

अजून एक सांगतो, मग थांबतो. १०३१ साली स्पेनमधली कोर्दोबाची खिलाफत मोडली आणि जागोजागी गटागटाचे राजे झाले. अरबीत त्यांना 'मुलूक अल-तवाइफ' म्हणतात, म्हणजे ताफ्यांचे राजे. मोठा बँड फुटल्यावर गायक, ड्रमर आणि गिटारवाला आपापला वेगळा बँड काढतात ना, अगदी तसं.

नाही थांबलो, कारण धातू राहिलाच. या शब्दाचा धातू फिरण्याचा, घिरट्या घालण्याचा. काबाभोवती जी प्रदक्षिणा घालतात ती तवाफ, याच धातूची. आणि १९९१ साली दिल्लीत निघालेल्या, देशभर गाजलेल्या रॉक बँडचं नाव काय? परिक्रमा! एका बाजूने संस्कृत आली, दुसऱ्या बाजूने अरबी, आणि दोघी एकाच चौकात भेटल्या. आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वरांचे नंदीध्वज ६८ लिंगांची फेरी करतात, पुढे वाजंत्री असतात. ताफा आणि तवाफ एकाच मिरवणुकीत. सोलापूरच्या बँडने हे नाव घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं?

गावातले एक निवृत्त सर मात्र ताफा हा 'तांडा'वरून आला असं सांगत फिरतात. दोन्हींत 'ता' आहे, दोन्हींत माणसं आहेत, झालं! 'ड'चा 'फ' कुठल्या नियमाने झाला, हे विचारलं की सर चहा मागवतात. याच सरांनी पोरांना 'बँड' शब्द टाकून 'वाद्यवृंद' म्हणायचा सल्ला दिलाय. वाद्यवृंद म्हटलं की डोळ्यासमोर पांढऱ्या कुडत्यातले वीस जण आणि हारतुरे येतात. चार जणांच्या गोंगाटाला तो शब्द म्हणजे चिमणीला घातलेली झूल. आणि बँड हा शब्द मुळात संस्कृत 'बंध' आहे, हेही त्यांचंच. पट्टी या अर्थाचा बँड बंधाचा चुलतभाऊ आहे, कबूल. पण टोळी या अर्थाचा बँड इंग्रजीत फ्रेंचकडून आला, आणि त्याची पत्रिका वेगळी मांडावी लागते. सर दोघांना एकाच मांडवात उभे करतात.

हां, चांगलं नाव आणि वाईट नाव. माझी कसोटी एकच: नाव तोंडाला चावता आलं पाहिजे. म्हणजे त्याला चा-ची-चे लागले पाहिजेत, रागाने हाक मारता आली पाहिजे, पानटपरीवर उच्चारताना लाज वाटता कामा नये. हे काही मराठीपुरतं नाही. लेड झेपेलिनवाल्यांनी पहिल्या शब्दाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर काढूनच टाकलं, का, तर शिसं या अर्थाचा शब्द लोक 'लीड' असा वाचतील. तोंडासाठी स्पेलिंगचा बळी दिला! ब्लॅक सॅबथ आधी 'अर्थ', म्हणजे पृथ्वी, या नावाने वाजवत. त्याच नावाचा आणखी एक बँड निघाला आणि नाव बदलावं लागलं. जे आपल्याला सुचलं ते शेजाऱ्यालाही सुचणार असेल तर ते नाव वाईट. 'तांडव', 'रुद्र' आणि 'ब्लॅक' काहीतरी, ही सगळी या खात्यात. उलट केरळातल्या मल्याळम रॉकवाल्यांनी स्वतःला 'अवियल' म्हणवून घेतलं, म्हणजे चक्क मिसळभाजी. शेंगाचटणीला अजून कुणी हात लावलेला नाही, हे जाता जाता.

आणि डॉल्बी! मिरवणुकीत भिंती हादरवणाऱ्या त्या ढिगाऱ्याला आपण डॉल्बी म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. असो, तो वेगळा लेख आहे.

बँडवरून आठवलं. विजापूर वेशीकडे लग्नाच्या बँडवाल्यांचा एक गाळा आहे. पाटी जुनी, लाल रंग, पिवळी अक्षरं. उन्हापावसाने 'बँड'वरची चंद्रकोर उडून गेलीये, टिंब तेवढं शिल्लक. त्यामुळे पाटीवर आता 'बंड' असं आहे, आणि खाली दोन ट्रम्पेट. रॉकवाल्यांना यापेक्षा सरस नाव मला सुचत नाही. पण तुमचं ताफा ठरलंय तर ताफाच ठेवा.

फक्त प्रश्नासोबत पोस्टरचा जो मसुदा पाठवलाय, त्यात वर 'द ताफा' आणि खाली 'ताफा बँड' असं दोनदा लिहिलंय. 'द' खोडा, आपल्याकडे 'द सोलापूर' नसतं. 'बँड'ही खोडा, ताफा बँड म्हणजे गाईचं गोमूत्र. अमेरिकेत १९६८ साली एका मंडळींनी आपल्या बँडचं नावच 'द बँड' ठेवलं होतं, त्यांनीसुद्धा पुढे आणखी एक 'बँड' जोडला नाही. अवतरणचिन्हं काढा. 'ताफ्याचा पहिला शो' एवढं मोठ्या टायपात घ्या, आणि खाली तारीख घाला. मसुद्यात ती कुठेच दिसत नाही.