आनंदीबाईंवर लिहायचंय? आधी पत्रं वाचा

चरित्रं नंतर वाचा. १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशींनी प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, कारण त्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, त्याचं दप्तर आता तिथेच आहे. आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी, ही तळमळ त्यात त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. मला तर ते वाचून भरून आलं होतं.

शोधताना आडनावाचं स्पेलिंग शेवटी दोन ई लावूनही टाका. त्यांनी ते तसं लिहिलं आहे, आणि नवशिके नेमके इथेच अडतात. १८८६चा प्रबंधही बघा, हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरचा.

१० ऑक्टोबर १८८५चा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, आपापल्या देशी पोशाखात. फोटो उतरवून घेताना संग्रहातली नोंदही शब्दशः टिपून ठेवा; नेटवर फिरणाऱ्या मथळ्यांवर विसंबू नका.

आणि मराठी बाजू सोडू नका. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे, ते अमेरिकेतल्या कॅरोलाइन डॉल यांच्या १८८८च्या चरित्राशेजारी ठेवून वाचा. जिथे दोघींचं जुळत नाही, तिथे पुन्हा पत्रांकडे जा.