रिंगणातील फोटो: एक्स्पोजर एकदा ठरवा आणि तिथेच ठेवा

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या रिंगणात काढलेल्या फोटोंबद्दल आपण तीन अडचणी लिहिल्या आहेत. पांढरा अश्व राखाडी दिसतो, चौकटीत आभाळ आले की वारकऱ्यांचे चेहरे काळे पडतात, आणि दौडीच्या फोटोंत घोड्याचे पाय पुसट येतात. ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (यात लेन्सचे छिद्र म्हणजे ॲपर्चर आपण ठरवतो आणि शटर किती वेळ उघडे राहील ते कॅमेरा), एफ ८ (छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि आयएसओ २०० (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ही आपली सेटिंग होती, आणि पुढच्या आषाढीला नेमके कोणते आकडे ठेवावेत, तसेच ऑटो आयएसओ, म्हणजे आयएसओ कॅमेऱ्यालाच ठरवू देण्याची सोय, वापरावा का, हे आपण विचारले आहे.

पाय पुसट येण्याचे कारण सरळ आहे. दाट ढगांखाली एफ ८ आणि आयएसओ २०० वर कॅमेऱ्याने शटर स्पीड १/१२५ सेकंदाच्या आसपास निवडला असणार, आणि दौडणाऱ्या घोड्याला तो पुरत नाही. त्यासाठी १/१००० हवा. आपल्या झूम लेन्सचे ॲपर्चर पूर्ण झूमवर एफ ५.६ पर्यंतच उघडत असेल, तर तेच घ्यावे आणि उरलेला प्रकाश आयएसओ वाढवून मिळवावा. गच्च आभाळाला १/१०००, एफ ५.६ आणि आयएसओ ८०० हे आकडे बहुधा बरोबर बसतात. ८०० च्या दाणेदारपणाची भीती बाळगू नये. दाणे नंतर सौम्य करता येतात, पुसट झालेला पाय मात्र काही केल्या स्पष्ट होत नाही.

पहिल्या दोन अडचणी अधिक महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे. कॅमेऱ्यातील मीटर, म्हणजे प्रकाशमापक, समोरच्या वस्तूंवर किती प्रकाश पडतो हे मोजत नाही, त्या वस्तूंवरून परावर्तित होऊन लेन्समध्ये किती प्रकाश येतो हे मोजतो, आणि चौकटीत जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे असे धरून चालतो. पांढरा घोडा, पांढरी धोतरे आणि पांढऱ्या टोप्या यांनी चौकट भरली की त्याला प्रकाश जास्त वाटतो, म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो आणि पांढऱ्याचे राखाडी होते. तेच आपण खाली बसून, वर उंचावलेल्या पताकांसह चेहरे टिपायला गेलात की ढगाळ पण उजळ आभाळ मीटरला फसवते आणि चेहरे काळवंडतात. सगळ्या चौकटीचा विचार करणारे आजचे मीटरिंग पूर्वीपेक्षा खूप हुशार आहे, तरी समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की नुसती उजेडात आहे, हे त्याला दर वेळी ओळखता येत नाही.

काही वर्षांपूर्वी चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात माझ्या हातून हेच घडले. अश्व लांब असताना वारकऱ्यांचे चेहरे सुरेख येत होते, तो जवळ येऊन चौकटभर झाला त्या क्षणी मात्र तो मळकट राखाडी झाला आणि मागची माणसे अंधारात गेली. दोन्ही फोटोंमध्ये जेमतेम तीन सेकंदांचे अंतर होते आणि उजेडात काडीचाही फरक पडला नव्हता. बदलली होती ती फक्त चौकट. त्या दिवसापासून मी रिंगणात मीटरच्या मागे धावणे सोडले.

म्हणून माझा आग्रह मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवण्याचा, आहे. ढगाळ हवेत मैदानावरचा उजेड सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. मग एक्स्पोजर त्या उजेडावरून एकदाच ठरवावे आणि घोडा, पखवाज, तुळशीवृंदावन, काहीही समोर आले तरी हलवू नये. ते ठरवण्यासाठी मी स्वतःचा तळहात वापरतो. रिंगण सुरू होण्यापूर्वी तळहात उघड्या आभाळाकडे वळवून धरावा, स्पॉट मीटरिंगने (चौकटीतला छोटासा भागच मोजण्याची सोय) फक्त तळहात मोजावा, आणि मीटरच्या पट्टीवरचा दर्शक शून्यापेक्षा एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वर येईल असे आकडे लावावेत, कारण तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग निरनिराळे असले तरी तळहातांत त्या मानाने फरक कमी असतो, म्हणून ही युक्ती बहुतेकांना लागू पडते.

त्यानंतर एक चाचणी फोटो काढून एखाद्या वारकऱ्याची टोपी मोठी करून पाहावी. टोपीची शिवण आणि घडीची रेघ दिसली पाहिजे. ती नाहीशी होऊन जागा सपाट पांढरी झाली असेल, किंवा जळालेला भाग लुकलुकत दाखवणारी सोय चालू केल्यावर टोपी लुकलुकत असेल, तर शटर स्पीड एक तृतीयांश स्टॉपने वाढवून पुन्हा पाहावे. आभाळाचा एखादा तुकडा लुकलुकला तर तो खुशाल जाऊ द्यावा, टोपी आणि घोड्याची पाठ मात्र जाऊ देऊ नये. स्क्रीनच्या उजळपणावर विसंबू नये. उघड्यावर ती अंधारी वाटते आणि माणूस नकळत एक्स्पोजर वाढवत जातो.

पताकांकडे वेगळे लक्ष द्यावे. भगव्या कापडात लाल रंगाचा भाग सर्वांत आधी भरून जातो, आणि एकत्रित हिस्टोग्रॅम (फोटोतल्या उजळ-गडद छटांचा आलेख) सुरक्षित दिसत असतानाही पताकेच्या चुण्या पुसल्या जाऊन तिथे सलग रंगाचा डाग उरतो. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आलेख स्वतंत्रपणे पाहिले तर हे तिथल्या तिथे कळते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेतल्यास थोडी जास्त सवलत मिळते, आणि या कामासाठी मी रॉच घ्या असे सांगेन, पण पूर्ण जळालेला पांढरा भाग रॉमधूनही परत येत नाही.

ढग फाटून ऊन पडले तर सगळेच बदलते. १/१००० आणि एफ ५.६ तसेच ठेवून आयएसओ ८०० वरून थेट १०० वर आणावा लागतो, म्हणजे पूर्ण तीन स्टॉपचा फरक. आयएसओ एखाद्या चाकावर नेमता येत असेल तर आधीच नेमून ठेवावा आणि न पाहता बोट तिथे जाईल इतका सराव घरी करावा. उन्हात गोल रिंगणाचा अर्धा भाग प्रकाशाच्या विरुद्ध येतो, त्यामुळे जागा निवडताना सूर्य पाठीशी राहील असे पाहावे.

आता ऑटो आयएसओ. मॅन्युअल मोडमध्येही तो चालू राहिला तर निर्णय पुन्हा मीटरकडेच जातो आणि आपली मूळ अडचण जशीच्या तशी परत येते, म्हणून रिंगणापुरता तो बंदच ठेवावा. वाटचालीत झाडांच्या सावलीतून उन्हात आणि पुन्हा सावलीत जावे लागते, तिथे तो उपयोगी आहे. तेव्हा किमान शटर स्पीड १/२५० लावावा आणि चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ द्यावे, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश घ्यावा. मात्र अनेक कॅमेऱ्यांत हे कॉम्पेन्सेशन कॅमेरा बंद करूनही शून्यावर येत नाही, तेव्हा संध्याकाळी तळावर पोहोचल्यावर ते आठवणीने शून्य करावे.