फ्यूज काढून पोरगा तलाठी होत नाही

प्रश्न : मुलगा भुसावळला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रावेरहून अप-डाऊन करतो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. रात्र रात्र ‘व्हर्च्युअल मशीनचं ग्राफिक्स’ करत बसतो. शेवटी मी मीटरवरचा फ्यूज काढून ठेवायला लागलो. स्क्रीनचा फोटो पाठवतो आहे. त्याला तलाठी भरतीच्या क्लासला घालू का?
– एक केळी उत्पादक

भाऊ, नमस्कार.

मार्कांपेक्षा मला तो फ्यूज खटकला. पोरगा गाडीच्या गर्दीतून घरी येतो, जेवतो, काम उघडतो आणि बाप अंधार करतो. घरात बोलणं बंद झालं असणार, हे तुम्ही लिहिलं नाही तरी कळतं. लपवायची सवय अशीच लागते. उद्या खरंच काही बिघडलं तर तो तुम्हाला सांगणार नाही. मला भीती त्याची वाटते.

ग्राफिक्स म्हणजे गेम, नाहीतर लग्नपत्रिकेचं डिझाइन, असं तुम्ही धरून चाललात. फोटोत चित्र एकही नाही. सी भाषेतला कोड आहे आणि त्यात ‘एमएमॅप’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो. एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मेमरी आपलीच आहे असं त्याला वाटतं, पण त्याच्याजवळचा पत्ता सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा असतो. नंबरावरून शेत सापडायला नकाशा लागतो. इथे तो बहुधा 4 केबीच्या एकेका तुकड्याचा असतो. आता 1920 बाय 1080 च्या स्क्रीनचं एक चित्र सुमारे 8 एमबीचं. सेकंदाला 60 वेळा त्याची नक्कल करायची तर जवळपास 500 एमबीची नुसती वाहतूक. त्यापेक्षा मेमरीतली तीच जागा दोन्ही मशीनना दाखवायची, हे मेमरी मॅपिंग; फोटोतला ‘एमएमॅप’ तो हाच. आणि खरं ग्राफिक्स कार्डच आतल्या मशीनच्या हाती दिलं, तर ते दुसऱ्याच्या मेमरीत नांगर घालू शकतं. त्याला अडवणारा बांध म्हणजे आयओएमएमयू. दुसऱ्या वर्षाचा मुलगा आपण होऊन इथवर पोचला, हे थोडं नाही.

तलाठी भरतीला पदवी लागते, ती यायला अजून दोनहून जास्त वर्षं आहेत. एमटेकसाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. क्लासचे पैसे आत्ता भरू नका.

या कामाच्या नोकऱ्या जळगाव-धुळ्यात शोधू नका, पुण्या-बंगळुरूला जावं लागेल. कॉलेजच्या नावापेक्षा तिथे केलेलं काम बघतात. क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यातली एखादी छोटी चूक दुरुस्त करून त्याने पाठवावी. जाणकार लोक ती तपासतात, परतही पाठवतात. त्याने ते सोसावं. गूगल समर ऑफ कोड या गूगलच्या उपक्रमात अशा कामाला मानधनही मिळतं.

एम-थ्रीबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. विषय राहिला तो त्याच्याच हाताने. पेपर होईपर्यंत रात्री अकरानंतर मशीन बंद, आणि ते त्याने स्वतः बंद करायचं. हा परिच्छेद त्याला वाचायला द्या.

फ्यूज आजच परत बसवा. रविवारी शेतातून आल्यावर त्याच्याशेजारी बसा आणि म्हणा, दाखव रे, त्या दुसऱ्या मशीनचा पडदा कसा उघडतो ते.