एप्रिलमध्ये मायोर्काला चाललोय, डोंगरात पळायला कुठल्या वाटा चांगल्या?

तुमचं म्हणणं असं की दर रविवारी सिंहगड करता, एप्रिलमध्ये पाच दिवस मायोर्का या स्पेनच्या बेटावर सोयेर गावात मुक्काम आहे, गाडी नाही, सोबत बायको आणि सासूबाई आहेत, त्यामुळे साडेदहाच्या आत परत यायचंय. यातली शेवटची अट सगळ्यात कडक, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. एप्रिलच्या मध्यात तिथे सूर्य उगवतो सात-सव्वासातला. म्हणजे हातात जेमतेम तीन तास. जीआर २२१ हा प्रसिद्ध लांब मार्ग मनात असेल तर या खेपेला सोडून द्या. सोयेरहूनच रोज एक वाट करा, मजा तितकीच येईल.

मी जर्मनीत नोकरी करतो आणि तिथून मायोर्काला तीनदा जाऊन आलोय. पहिल्या वेळी नकाशावर किलोमीटर आणि चढ मोजून वाटा निवडल्या आणि सपशेल फसलो. आता एवढंच बघतो: ही वाट मुळात कोणी आणि कशासाठी पाडली? त्रामुंताना या तिथल्या डोंगररांगेत हौसेने पळणाऱ्यांसाठी कोणी वाटा पाडल्या नाहीत. नाणेघाट जसा ओझं वाहणाऱ्या तांड्यांचा, तशा तिथल्या वाटा खेचरांच्या, कोळसा पाडणाऱ्यांच्या, ऑलिव्ह वेचणाऱ्यांच्या. ज्याने वाट पाडली त्याच्या चालीवर तुमचं पळणं ठरतं.

पहिल्या दिवशी सोयेर ते देया गाव करा. साधारण दहा किलोमीटर, चढ-उतार बेताचे. ही गावागावांतली आणि शेतातली वाट. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची टप्प्याटप्प्याची शेतं, आणि प्रत्येक टप्प्याला चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत. आपल्या कोकणातले गडगे डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याऐवजी करडा चुनखडक, आणि एकावर एक असे पार डोंगराच्या कुशीपर्यंत. माणसाने घडवलेल्या या सगळ्या भूप्रदेशाला २०११ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. देयाहून बसने परत या. सुटे युरो जवळ ठेवा आणि बसचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा.

दुसरी वाट बिनियाराइशच्या घळीची. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे जण हीच सुचवतात आणि उतारावर काय होतं ते कोणी सांगत नाही. सोयेरपासून दीड-दोन किलोमीटरवर बिनियाराइश हे इवलंसं गाव, तिथून घळीतून लोफ्रेच्या खिंडीपर्यंत दगडी पायऱ्यांची वाट चढते. सोयेरहून लुकच्या मठाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. खिंड ८७५ मीटरवर आहे आणि सोयेर समुद्रसपाटीपासून फार वर नाही, म्हणजे आठशे मीटरचा चढ धरा. सिंहगड सवयीचा असेल तर चढायला अवघड नाही. पण पायऱ्या खेचराच्या पावलाला बेतलेल्या: उंची कमी, रुंदी जास्त. एका टांगेत पायरी पार होत नाही आणि दोन टांगा घ्याव्यात तर जागा पुरत नाही. दर वेळी तोच पाय आधी पडतो. अर्ध्या तासात डावी मांडी उजवीशी बोलायची बंद होते.

उतरताना खरी गंमत. रात्री पाऊस पडून गेला होता आणि मी आपला सह्याद्रीच्या सवयीने भराभर उतरत होतो. आपला काळा कातळ शेवाळ नसेल तर ओला असतानाही बऱ्यापैकी धरून ठेवतो. पावलांनी घासून घासून पॉलिश झालेला चुनखडक ओला झाला की साबण. पाय गेला, कोपर फुटलं. गावाच्या तोंडाशी कपडे धुवायचे जुने दगडी हौद आहेत, तिथे बसून रक्त धुतलं. वरून एक आजी काठी टेकत उतरल्या आणि माझ्या बुटांकडे बघून मान हलवून पुढे गेल्या. तेव्हा चढताना पळा, उतरताना चाला. वेळ उरलाच तर खिंडीच्या पलीकडे कूबेर तलावाकडे रुंद मातीची वाट उतरते, तिथे थोडं सुटून पळता येतं. (नाव ऐकून मीही हसलो होतो. आपल्या कुबेराशी काही संबंध नाही.)

तिसरी माझी सगळ्यात आवडती, वाल्देमोसाच्या वरची. बसने जा. गावामागच्या ओकच्या रानात शिरलात की दर थोड्या अंतरावर एक सपाट गोल चौथरा दिसेल, कडेला दगड लावलेले, वर मऊ हिरवं शेवाळ. याला तिथे सिट्जा म्हणतात. लाकूड रचून, मातीने लिंपून दिवसेंदिवस धुमसत ठेवायचं आणि कोळसा पाडायचा, ती ही जागा. आपल्याकडे कातकरी भट्ट्या लावतात तोच प्रकार. घरोघरी गॅस आला आणि धंदा बुडाला, वाटा मात्र राहिल्या. कोळशाचं ओझं घेऊन उतरायचं म्हणून त्या वळणावळणाच्या, एकसारख्या उताराच्या, आणि आज पायाखाली पाचोळा. इथे पाय आपोआप लय धरतात.

रान संपलं की डोंगरधारेवर आर्चड्यूकची, म्हणजे राजपुत्राची, वाट लागते. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या लुडविग साल्वातोरने १८७२ साली जवळची मिरामार ही जागा विकत घेतली आणि पुढे घोड्यावरून समुद्र बघत हिंडता यावं म्हणून ही वाट बांधवून घेतली. राजपुत्राच्या घोड्याला दम लागू नये याची काळजी घेतलेली, त्याचा फायदा आता आपल्या गुडघ्यांना. एका हाताला खाली थेट निळा समुद्र, त्यामुळे नजर वाटेवर ठेवणं हेच काम. हा भाग खासगी मालकीच्या डोंगरातून जातो, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तेव्हा आधी नोंदणी करा.

पुईग मायोर हे सर्वोच्च शिखर डोक्यातून काढून टाका, वर लष्कराचा तळ आहे. तोरेंत दे पारेइस ही घळ फोटोत भुलवते, पण ते पळणं नव्हे, घराएवढ्या धोंड्यांमधून उतरणं आहे. पावसात तर नावच नको. विकिलॉक या ॲपवर लोकांनी टाकलेले ट्रॅक डोळे झाकून पाळू नका, काही सरळ कुणाच्या तरी शेतातून जातात. फाटक उघडलंत तर लावून पुढे जा.

चुनखडकात पाणी ठरत नाही, त्यामुळे झरा मिळेल या भरवशावर राहू नका. दीड लिटर पाठीवर हवंच. कारीच नावाचं उंच गवत वाटेवर झुकलेलं असतं आणि त्याची पात ब्लेडसारखी कापते, तेव्हा गुडघ्यापर्यंत मोजे घाला.

सासूबाईंना सकाळी सोयेरहून बंदराकडे जाणाऱ्या लाकडी ट्राममध्ये बसवून द्या. १९१३ पासून धावते आणि संत्र्याच्या बागांमधून जाते. एप्रिलमध्ये मोहराचा वास असतो. परत येईपर्यंत अकरा वाजले तरी चालून जाईल.