बर्फाचं वेड आणि गणिताचे मार्क

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला ८४ टक्के होते. दोन वर्षं एकच धोशा : ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय, मला त्यावर काम करायचंय, अंटार्क्टिकाला जायचंय. उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळला की मुंबई बुडणार, असं रोज जेवताना ऐकवते. तिचे बाबा म्हणतात, सीईटी दे आणि इंजिनीअर हो. यात नोकऱ्या आहेत का? आणि तिकडे मुलींना पाठवतात का?
— एक आई, लालबाग

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. पाठवतात, आणि आजकालच नव्हे. १९८३-८४च्या भारतीय मोहिमेत दोघीजणी होत्या, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. पंत तर आपल्या नागपूरच्या. नातेवाईकांनी विचारलं, तर एवढं सांगून विषय बदला.

आता जेवतानाचं वाक्य. ते जसं ती म्हणते तसं बरोबर नाही. उत्तर ध्रुवावरचा बर्फ समुद्रावर तरंगतो. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासात तरंगणारा खडा विरघळला म्हणून सरबत सांडत नाही, कारण खड्याने आपली जागा आधीच घेतलेली असते. समुद्र चढतो तो पाणी तापून फुगल्यामुळे आणि जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरल्यामुळे. हा जमिनीवरचा साठा मुख्यतः ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून एकटं ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतंय. साधारण ३६० अब्ज टन गेले की जगभरचा समुद्र एक मिलिमीटर वर येतो. मिलिमीटर ऐकून हसू येतं, पण १९०१ ते २०१८ या काळात अशीच भर पडत समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढलाय, आणि वेग वाढतोय.

मग तरंगता बर्फ गेला तर बिघडलं काय? पांढरा बर्फ ऊन परतवतो, त्याखालचं काळं पाणी ते पिऊन टाकतं. पाणी तापलं की आणखी बर्फ जातो. याची झळ थेट आपल्या पावसापर्यंत पोचते का, हाही संशोधनाचा विषय आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या मंडळींनी आर्क्टिकमधल्या कारा समुद्राचा उन्हाळी बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरातला टोकाचा पाऊस यांचा संबंध अभ्यासलाय.

हे सगळं आज रात्री तिला सांगा. ती रुसून बसते की उठून ग्लास आणते, ते बघा. ग्लास आणला तर मला तिची काळजी नाही.

ग्रीनलंडचं वजन कोणी आणि कसं केलं, हेही तिला विचारा. २००२ साली ग्रेस नावाचे जुळे उपग्रह सोडले, एकामागून एक फिरणारे. खालचा बर्फ घटला की त्याची गुरुत्वाची ओढ कमी होते आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी इतकं बदलतं. त्यावरून टनांचा हिशेब निघतो. म्हणजे कामाचा मोठा भाग संगणकासमोर, गणित आणि भौतिकशास्त्रात बुडून. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री किंवा भारती तळावरचे फोटो सुंदर असतात, पण कित्येकांच्या वाट्याला ते काही आठवडेच येतात. (तिथे वर्षभर राहणाऱ्यांत डॉक्टर, डिझेल मेकॅनिक आणि स्वयंपाकीही असतात. नुसतं जायचंच असेल तर पीएचडी हा लांबचा रस्ता.)

म्हणून तिच्या बाबांशी भांडण नको. इंजिनीअरिंग करूनही उपग्रहांच्या किंवा हवामानाच्या प्रारूपांच्या कामात शिरता येतं. मला विचाराल तर मी फिजिक्स किंवा भूशास्त्रात बीएस्सी आणि मग जॅम (आयआयटी वगैरेंत एमएस्सीला जाण्याची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी, असं सुचवेन. झेवियर्समध्ये भूशास्त्र आहे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, तीही द्यावी. नावात 'क्लायमेट' असलेल्या महागड्या पदवीला मात्र बारावीनंतर लगेच भुलू नका. पाया कच्चा राहतो. पवईच्या आयआयटीत हवामान अभ्यासाचा विभाग आहे, तिथे पुढे जाता येईल.

नोकऱ्यांचं खरं सांगते. वास्को, पुण्याची आयआयटीएम (हवामानावर संशोधन करणारी संस्था), हैदराबादचं इन्कॉइस (महासागराची माहिती देणारं केंद्र), हवामान खातं, नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था. कायम जागा थोड्या, सुरुवातीला प्रकल्पावर काम. पीएचडी होईतो तिशी जवळ येते. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता, पण तिच्या इंजिनीअर मैत्रिणी तोवर फ्लॅटचे हप्ते भरत असतील. हे तिला आत्ताच माहीत हवं.

बारावीची परीक्षा आणि सीईटी संपली की एक काम द्या. आपल्या अपोलो बंदरावर समुद्राची पातळी १८७८पासून नोंदली गेलीय आणि वार्षिक आकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. ते उतरवून तिने आलेख काढावा आणि मधे रेषा वर-खाली का जाते ते शोधावं. आठवडाभरात कंटाळली तर वेड फोटोंचं होतं असं समजा.

आणि हो, टक्केवारी लिहिलीत, पण त्यात गणिताचे किती, ते नाही लिहिलंत. उलट टपाली तेवढं कळवा.