ग्रंथालयातील कामावर कलापुस्तक करू इच्छिणाऱ्यांसाठी

सार्वजनिक ग्रंथालयात काम करताना त्यावरच कलापुस्तक, म्हणजे पुस्तकाच्या रूपातली कलाकृती, करण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र सुरुवात एखाद्या भव्य कल्पनेपासून न करता, रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूंपासून करावी. देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी, तिच्यावर कुठे ठसठशीत तर कुठे अर्धवट उमटलेले शिक्के, पुस्तकाची नोंद असलेले ७.५ × १२.५ सेंटीमीटरचे तालिकापत्र (कॅटलॉग कार्ड) आणि त्याच्या खालच्या कडेला दांडी ओवण्यासाठी पाडलेले भोक, एवढ्या सामग्रीतून पुस्तकाची रचना ठरू शकते. पानासाठी तालिकापत्राचेच माप घेतले, तर पुस्तक तालिकेच्या खणातही मांडता येते. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या, अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात पुस्तकबांधणीला ६८६.३ हा क्रमांक आहे. पृष्ठांकांऐवजी असे वर्गांक वापरण्याचा मोह होईल, पण ते दोन-चार ठिकाणीच शोभतात.

कागदातील तंतूंची दिशा घडीला समांतर ठेवावी, नाहीतर घडीवर कागद तडकतो आणि खळ लावल्यावर पाने वाकडी होतात. कागद न दुमडता हलकेच वाकवून पाहिल्यास, तो ज्या रेषेवर सहज वळतो, तिला समांतर तंतू असतात.

बाद केलेल्या पुस्तकांची पाने ग्रंथपालांच्या लेखी परवानगीनेच घ्यावीत. आम्लयुक्त कागद ठिसूळ होत जातो, म्हणून अशा पानांची प्रतिमा आम्लविरहित कागदावर छापणे मला अधिक योग्य वाटते. वाचकांची नावे किंवा सभासद क्रमांक मात्र कोणत्याही पानावर येऊ देऊ नयेत, कारण कोणी काय वाचले हे गोपनीय राखणे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे आणि कलेच्या नावाखाली त्यातून सूट मिळत नाही.